वीस वर्षांनी विचारायचा प्रश्न

कापसाच्या मिलजवळ राहणाऱ्यांना ठाऊक असते, की हवेतली पिंज कधी बसते ते दिसत नाही. एखाद्या दिवशी पंख्याच्या पात्यावरून बोट फिरवले, की थरच हाती येतो. आमच्या वाचनालयातले किस्से असेच साठले. मिल बंद होऊन दोन वर्षे झाली, पिंज उडायची थांबली, किस्से मात्र बसतच राहिले. राज्यशास्त्रात एम.ए. केल्यापासून मी ऐकीव गोष्टींबाबत जरा जपून असते. म्हणून खालचे प्रसंग एक तर माझ्या डोळ्यांदेखत घडलेले आहेत, किंवा निदान दोघांनी वेगवेगळे सांगितलेले. दोघांच्या सांगण्यात फरक पडला, तिथे कमी मजेदार ते खरे मानले आहे!

*

वाचनालय इंदूरच्या मिल भागात, एका खोलीचे. ते मिलमधल्या मराठी कामगारांनी काढले आणि त्याची घटनाही त्यांनीच हाताने लिहिली. अकरा कलमांचे एक रजिस्टर, त्यावर पांढरे फडके, आणि फडक्याभोवती निळ्या सुताची जाड दोरी. अध्यक्ष वानखेडेकाका मिलच्या विणाई खात्यात जॉबर होते. मागांवर आणि माणसांवर देखरेख करण्यात त्यांचे आयुष्य गेले. त्या दोरीला ते विणकरी गाठ मारत. कोणाला एखादे कलम पाहायचे असले, की गाठ सोडायला पाच मिनिटे, वाचायला एक आणि पुन्हा बांधायला दहा!

मी एकदा म्हणाले, "काका, साधी गाठ मारा ना."

"साधी मारली तर कोणीपण खोलून टाकेल, बेटा. खोलणाऱ्याला सोचायला जरा टाइम भेटला पाहिजे."

त्यातले पहिले कलम काकांच्या वडिलांच्या अक्षरात आहे : 'या खोलीत कोणाला जात विचारली जाणार नाही आणि पाण्याचा माठ एकच राहील.' वडील महूच्या पलटणीतून निवृत्त होऊन मिलमध्ये आले होते. त्याआधी दुसऱ्या कुठल्या वाचनालयात त्यांना पेपर खिडकीतून बाहेर दिला जाई. काका हे कधी सांगत नाहीत. मला ते माझ्या वडिलांनी सांगितले आणि इथे रोज पेपर वाचून दाखवणाऱ्या ताराबाईंनीही.

तिसरे कलम सभासदत्वाचे : 'मिलच्या मस्टरवर नाव असेल तोच सभासद.' आणि अकरावे असे, की दर वीस वर्षांनी सभासदांना विचारावे, घटना पुन्हा लिहिण्यासाठी सभा बोलवावी काय? मागच्या वेळी हा प्रश्न विचारला तेव्हा मिल जोरात होती. चहाला उकळी येण्याआधी सगळे 'नाही' म्हणून मोकळे झाले होते! आता दुसरी खेप आली, आणि मस्टरच उरले नव्हते. नवा सभासद होणे कोणालाही शक्य नव्हते. आहेत ते एकेक करून जाणार, आणि मग खोलीला कुलूप.

*

दुपारी तीनला पूर्वी पाळी बदलायची. त्या वेळी आता खोलीत फार मऊ शांतता असते. उन्हाचा एक पट्टा बाकावरून सरकत माठापर्यंत जातो आणि तिथे थांबतो. अशाच एका दुपारी काका आणि आणखी दोन सभासद तोंडावर पेपर घेऊन पहुडले होते. सांवेर रोडकडे निघालेल्या कुठल्याशा ट्रकने मिलच्या भोंग्यासारखा लांबलचक हॉर्न दिला.

तिघेही उठले. चपला घातल्या आणि रांगेने बाहेर पडले. मला काळजी वाटली, म्हणून मी मागोमाग गेले. तिघे मिलच्या बंद फाटकापाशी जाऊन चिमणीच्या सावलीत उभे राहिले. विणाई खात्याच्या फुटक्या तावदानातून एक कबुतर आत गेले. ते बाहेर येईपर्यंत तिघे तसेच उभे होते. मग परत आले.

बाकावर आडवे होता होता काका म्हणाले, "आज छुट्टी दिसते," आणि पेपर पुन्हा तोंडावर ओढला!

ते जागे होते की झोपेत, हे मी आजही खात्रीने सांगू शकत नाही.

*

ताराबाई मिलच्या रिलिंग खात्यात, सुताच्या लड्या करायला होत्या. ते बायकांचे खाते मिलच्या कितीतरी आधी बंद झाले आणि त्यांची नावे मस्टरवरून उतरली. सभासद व्हायचे त्याआधीच राहून गेले, म्हणून ताराबाई सभासद नाहीत. रोज पाहुण्यांच्या वहीत सही करून आत येतात. आणि रोज दुपारी त्याच सगळ्यांना पेपर वाचून दाखवतात, कारण निम्म्या सभासदांना मोतीबिंदू आहे आणि उरलेले तो कबूल करत नाहीत!

त्यांचा आवाज एकसारखा, लांबवर चाललेल्या यंत्रासारखा. ऐकता ऐकता डोळे मिटतात. एकदा त्यांनी वाचले, "देशात उदारीकरणाचे नवे पर्व..."

"थांब तारा," काका डोळे न उघडता म्हणाले. "उदार कोण झालं? नाव वाच."

ताराबाईंनी बातमी खालपर्यंत पाहिली. "नाव नाही दिलं, भिया."

"मग हवामान वाच!"

त्याच दिवशी जोशीजींनी, म्हणजे मिलच्या ऑफिसातल्या निवृत्त हेडक्लार्कनी, गमतीने नियम काढला, की पाहुण्यांनी अर्ध्या तासात उठावे.

ताराबाई म्हणाल्या, "पाहुणी म्हणून तीन वह्या भरल्या माझ्या, जोशीजी. इतके दिवस तर कोणी जावईपण ठेवत नाही!"

सगळे हसले. काका हसले नाहीत. त्यांनी डोळे उघडले होते.

*

जोशीजी घटना-सभेच्या बाजूचे. त्यांचे म्हणणे सोपे होते. "फक्त तिसरं कलम बदलू. बाकीला हात नाही लावायचा."

"लिहून द्या," काका म्हणाले.

"देतो ना! आत्ता देतो!"

"तुम्ही नाही. जी सभा बसेल तिनं द्यावं. आणि ती तर अजून बसलीच नाही."

दोघांनी माझ्याकडे पाहिले. गाठ सुटली, मी अकरावे कलम वाचले. त्यात 'घटना पुन्हा लिहिण्यासाठी' असेच शब्द आहेत. एकट्या कलमाचा उल्लेख नाही. मी तसे सांगितले.

"मतलब, पहिलं कलमपण?" जोशीजींचा आवाज उतरला.

"तांत्रिकदृष्ट्या, होय."

माठाखालच्या वाटीत थेंब पडत होते, तेवढेच ऐकू येत होते. काका हळूच म्हणाले, "जमाना बदलला म्हणता. बदलला असेल. पण माझ्या बापाचं पाणी मी मतदानाला नाही ठेवणार."

दुसऱ्या दिवशी जोशीजी खजराण्याच्या गणपतीला जाऊन नवसाचे उलटे स्वस्तिक काढून आले. काकांनी विचारले, "गणपतीचं नाव मस्टरवर आहे का?"

*

मग सर्वांनी मला, मी तटस्थ म्हणून, दोन्ही बाजू मांडणारे टिपण लिहायला सांगितले. मी चार पाने लिहिली. 'तथापि' हा शब्द त्यात चौदा वेळा आला. जोशीजींनी ते वाचले आणि खूश झाले, "आमच्या बाजूनं लिहिलं तू!" काकांनी ते ताराबाईंकडून वाचून घेतले आणि म्हणाले, "पोरगी आपल्याच बाजूची निघाली!" एकाच दुपारी मला दोघांकडून वेगवेगळी कचोरी मिळाली.

ताराबाईंनी पाने परत करताना विचारले, "दोघं राजी झाले. तुझं काय मत आहे?"

"मी सभासद नाही, मावशी."

"मीपण नाही. पण मला कोणी विचारलं तर मी सांगेन की!"

मला पाचवे पान लिहिता आले नाही.

*

मतदानाची रीत दहाव्या कलमात आहे. सूत भरलेली बॉबिन म्हणजे 'हो', रिकामी म्हणजे 'नाही'. प्रत्येकाने आपली बॉबिन घरून पिशवीत लपवून आणायची आणि चादरीखालच्या खोक्यात हात घालून ठेवायची. खोक्याच्या तळाशी गोणपाट अंथरतात, कारण मिलमध्ये राबलेले कान भरलेली-रिकामी नुसत्या आवाजावरून ओळखतात!

कलम लिहिले तेव्हा भरलेल्या बॉबिन घरोघरी होत्या. आता त्यांचे सूत गोधड्यांत गेले होते. जोशीजींच्या घरचे तर संक्रांतीला पतंगाबरोबर गेले होते. काकांना हे पक्के ठाऊक होते.

"हो म्हणायला सूत लागतं, जोशीजी. नाही म्हणायला नुसती नळी पुरते!"

जोशीजी माझ्याकडे धावले : दुसरे सूत चालेल का? पुन्हा गाठ सुटली. मी वाचले, "'सूत भरलेली' एवढेच लिहिले आहे. कुठले सूत, ते लिहिलेले नाही."

काकांनी रजिस्टर आपल्याकडे ओढून त्या ओळीवरून बोट फिरवले. मग म्हणाले, "लिहिलंय तसंच होणार. शिलाईचा धागा चालेल, नाड्याचा चालेल. सूत पाहिजे, बस्." आणि दहा मिनिटे गाठ मारत बसले.

तो आठवडाभर ताराबाई पेपर वाचता वाचता बॉबिन भरत होत्या. मागेल त्याला देत होत्या. ती खोक्यात टाकणार की घरीच ठेवणार, हे त्यांनी एकालाही विचारले नाही. त्यांच्या बोटांखाली धागा सरसरत जाई, आणि डोळे मिटले तर वाटे, की कुठेतरी एक खाते पुन्हा सुरू झाले आहे.

*

मतदान रविवारी सकाळी, पोहे झाल्यावर झाले. निकाल इतिवृत्तात आहे, म्हणून आधीच सांगते : चार मतांनी 'हो'. घटना-सभा बोलवायचे ठरले.

मोजणी माझ्याकडे होती. खोक्यातून पांढऱ्या, काळ्या, लाल धाग्यांच्या बॉबिन निघत होत्या; एक तर कोणाच्या तरी शालूच्या जरीची निघाली आणि हशा पिकला. मधूनमधून रिकाम्या निघत होत्या. काका अध्यक्षाच्या खुर्चीत, टेबलामागे. पाहुण्यांना मतदानाच्या वेळी आत येता येत नाही, म्हणून ताराबाई उंबऱ्याबाहेर उभ्या.

मग एक जड बॉबिन हाताला लागली. मी ती बाहेर काढली. जाड, निळे सूत. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत घट्ट, एकसारखे, वळाला वळ लावून भरलेले. शेवटाला विणकरी गाठ.

जोशीजी पुढे वाकले आणि तसेच थांबले.

काकांच्या पुढ्यात रजिस्टर होते. पांढरे फडके घडी करून बाजूला ठेवलेले. भोवती काहीच नव्हते. पंखा जोरात होता, आणि पाने आपोआप उलटत होती : पहिले कलम, तिसरे, अकरावे, पुन्हा पहिले.

"थांबलीस का, बेटा?" काका म्हणाले. "सूत आहे ना? मग मोज."

मी ती भरलेल्यांच्या ओळीत ठेवली. काकांनी उंबऱ्याकडे पाहिले.

"तारा, आत ये. पंखा जरा हळू कर, पानं उडून राहिली."