मोरणीला घर बघताना

कळंबात लग्नाआधी नवरदेवाचा परण्या वाजतगाजत मारुतीच्या देवळाकडं निघाला की घोडीचा लगाम बऱ्याचदा कोंडाबाईंच्या हातात असायचा. नवरा वारला तेव्हा त्यांच्यामागं एक मुलगी आणि माळेगावच्या यात्रेतून आणलेली पाच वर्षांची पांढरी घोडी, मोरणी, एवढंच उरलं होतं. पहिल्याच लग्नात नवरदेवाची आत्या आडवी आली. "मुंडावळ्या बांधल्यात पोराला, अन् म्होरं पांढऱ्या कपाळाची बाई चालणार व्हय?"

पुढच्या लग्नाला कोंडाबाई लुगड्यावर नवऱ्याचा सदरा घालून, डोक्याला टॉवेल गुंडाळून आल्या. बँडच्या गोंगाटात कुणी निरखून बघितलं नाही. ज्यांनी बघितलं, त्यांना फटाक्यांना न बिचकणारी दुसरी घोडी मिळत नव्हती. त्या कमाईवर दीपमाला शिकली, तिचं लग्न झालं, ती धाराशिवला गेली.

मोरणी तेवीस वर्षांची झाली. दात झिजले. कोंडाबाई तिला हरभऱ्याचा भरडा भिजवून घालायच्या. गेल्या पावसाळ्यात अंगणातच त्यांचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हातात वॉकर आला. शेजारचे गोरोबा मोरणीला कडबा टाकायचे, पण तेही सत्तरीचे.

दीपमालाचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. ती म्हणाली, "आई, तुला न्यायला जागा हाय. तिला न्हाय."

मग मोरणीसाठी घर बघणं सुरू झालं. वीटभट्ट्यांना जनावरं पुरवणारा एक व्यापारी सगळ्यात आधी आला. "हलकं काम दिऊ," म्हणाला. भट्टीवरच्या घोड्यांच्या पाठी कोंडाबाईंनी बघितल्या होत्या. त्यांनी त्याला वाटेला लावलं. गोशाळेतून उत्तर आलं, गाय असती तर ठेवली असती.

शेवटी येडशीचा कृष्णराज हो म्हणाला. मोठा शेतकरी, घरी दोन घोडे बाळगणारा. बारा वर्षांपूर्वी स्वतःच्या लग्नात तो मोरणीवरच बसला होता.

"मावशी, आणा तिला. माझ्या घोड्यांसंगं राहील. फक्त रक्त तपासून घ्या, म्हातारं जनावर हाय."

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर महेश्वरी येऊन रक्त घेऊन गेल्या. नमुना पार हरियाणाच्या प्रयोगशाळेत गेला. तोवर कृष्णराजनं शेडचा फोटो पाठवला. कोंडाबाईंनी तो गोरोबांना दोनदा दाखवला.

बाराव्या दिवशी डॉक्टर तोंडाला मास्क लावून आल्या. बसल्या नाहीत.

"कोंडाबाई, तिला ग्लँडर्स निघालाय."

"औषध काय द्यायचं?"

"याला औषध देत नाहीत. हा रोग दुसऱ्या घोड्यांना लागतो, माणसालाही लागतो. कायद्यानं अशा जनावराला जिवंत ठेवता येत नाही." मग म्हणाल्या, "खात्रीसाठी अजून एकदा रक्त पाठवते. तोवर कुणाला जवळ जाऊ देऊ नका."

"खातीय, पितीय की वो. नाक तेवढं वाहतंय."

"तेच तर," डॉक्टर म्हणाल्या.

ही गोष्ट लपून राहिली नाही. कृष्णराजनं फोनवर "मला माफ करा, मावशी" एवढंच म्हटलं. भट्टीवाला व्यापारी मात्र पुन्हा दारात उभा राहिला.

"दुसरा रिपोर्ट यायच्या आत माझ्या गाडीत घाला. पळून गेली म्हणून सांगा. जगंल तरी बिचारी."

कोंडाबाईंनी मोरणीकडं बघितलं. मग विचारलं, "भट्टीवर किती जनावरं हायत तुझ्या?"

"चाळीसेक."

"अन् माणसं?"

"बिऱ्हाडं हायत की. वीसेक. पोरंबाळं धरून."

"जा तू," कोंडाबाई म्हणाल्या.

तो गेल्यावर त्यांनी दीपमालाला फोन लावला. "म्या मनातनं एकदा व्हय म्हणलं होतं त्येला," त्या म्हणाल्या.

दुसरा रिपोर्टही तसाच आला. गावाबाहेर गायरानात जेसीबीनं खड्डा खणला, शेजारी चुन्याची पोती ठेवली. नखशिखांत पांढरे कपडे घातलेली माणसं बघून मोरणी बिथरली, जागची हलेना. डॉक्टरांनी मग कोंडाबाईंनाही तसेच कपडे चढवले. डोळ्यांना चष्मा, हातांत रबरी हातमोजे. मोरणीनं त्यांनाही ओळखलं नाही. नाक फेंदारून ती मागं सरली.

"मोरणे, म्या हाय. चल."

घोडीचा कान वळला. वॉकरच्या चालीनं, थांबत थांबत, त्या दोघी खड्ड्यापाशी गेल्या. आधी झोपेचं इंजेक्शन दिलं. मोरणीचे पुढचे पाय दुमडले. कोंडाबाईंनी कासरा सोडला नव्हता, त्या हिसक्यानं त्या गुडघ्यांवर आल्या. मग दुसरं इंजेक्शन.

"झालं का?"

"झालं."

खोगीर, झूल, गोंडे, सगळं तिथंच जाळलं. नवऱ्याचा सदराही.

कोंडाबाईंच्या रक्तात काही निघालं नाही. पण पाच किलोमीटरच्या आतल्या प्रत्येक घोड्याचं रक्त घेतलं गेलं आणि ऐन लग्नसराईत परण्याला घोडा बंद झाला. बँडसोबत घोडा पुरवणारा सिदू दारात येऊन ओरडला, "मराया टेकलेल्या घोडीचं रक्त तपासायची हौस आली व्हती का? आमच्या पोटावर पाय दिला तुमी!" आजूबाजूची माणसं दारात येऊन ऐकत होती. त्याला कुणी गप्प केलं नाही.

दीपमाला आईला न्यायला आली त्याच दिवशी सिदू पुन्हा आला. त्याच्या घोड्याचा दुसरा रिपोर्टही तोच आला होता. नऊ वर्षांचा घोडा. कुणाचा रोग कुणाला लागला, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

"मावशी, उद्या येणार हायत ते. तुमी कसं न्हेलं तिला?"

"बोलत ऱ्हायचं. हातमोज्यातनं आपला हात त्येला कळत न्हाय. आवाज कळतो."

सिदू मान हलवत राहिला, पण उंबऱ्यापासून हलला नाही. "माझ्या तोंडातनं शब्द निघायचा न्हाय," तो म्हणाला.

कोंडाबाईंनी दीपमालाला पिशवी खाली ठेवायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी गायरानात कासरा सिदूनं धरला आणि त्याच्या शेजारी वॉकरवर भार टाकून कोंडाबाई घोड्याशी बोलत राहिल्या, शेवटपर्यंत. दुपारी सिदूनंच त्यांना हात देऊन धाराशिवच्या एसटीत चढवलं.