हवालदारमामा आणि माझ्या पाच उड्या

मला विमानातून उडी मारायला शिकवलं ते आमच्या हवालदारमामांनी. आग्र्याच्या लष्करी उस्तादांनीही शिकवलं, पण ते नंतर. त्याआधी पाटणजवळच्या आमच्या गावात, नांगरलेल्या रानात, मामांनी शिकवलं. हे मी सगळ्यात आधी लिहितो आहे, कारण जिथे ते मोठ्याने सांगायला हवं होतं तिथे मी ते सांगितलं नाही.

ते माझे सख्खे मामा नव्हते. त्यांचं घराणं आईच्या माहेरच्या गावातून आमच्याकडे आलेलं, म्हणून मामा. फौजेत ते छत्रीवाल्या, म्हणजे पॅराशूटच्या, पलटणीत होते. एका उडीत डावा पाय मोडला, तो वाकडा जुळला आणि वेळेआधीच पेन्शन घेऊन ते घरी आले. त्यानंतर लढाया झाल्या. आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत, आणि पारावर बसायची जागासुद्धा कुणी कुठली लढाई पाहिली त्यावर ठरायची. मामांनी लढाई पाहिली नव्हती. तेवढ्यावर भागलं असतं, पण ते विमानातून उड्या मारल्याचं सांगायचे आणि बाकीच्या फौजींनी तसलं काही पाहिलेलं नव्हतं.

"लंगरी व्हता त्यो," लोक म्हणायचे. लंगरी म्हणजे फौजेतला आचारी. "भाकरीच्या ट्रकातनं पडला आसंल. म्हणं इमानातनं!"

मामांच्या ट्रंकेत फौजेचा कागद होता. त्यावर त्यांच्या उड्यांची नोंद होती. इतक्या वर्षांत गावातल्या एकाही शहाण्याने तो कागद बघायला मागितला नाही. खोटं ठरवायला कागद लागत नाही ना!

मी सांगलीला कॉलेजात शिकत होतो. आमच्या घरातला कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. गरीब मुलांच्या वसतिगृहात राहायचो, एन.सी.सी.त होतो. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती ती. एन.सी.सी.च्या निवडक मुलांना आग्र्याला नेऊन विमानातून उड्या मारायला शिकवत, आणि त्या वर्षी आमच्या कॉलेजातून माझी निवड झाली. फॉर्मवर वडिलांची संमती लागत होती. मी गावी आलो तेव्हा आई चुलीपुढून उठलीच नाही. मामा आले.

"आवं दादा, माज्या पोराचं पाखरू करताय व्हय?"

"आक्का, छत्री उघडतीच. न्हाई उघडली तर पोटावर दुसरी आसती."

"आन ती बी न्हाई उघडली तर?"

"मग त्याला परीक्षेचा आभ्यास करायला नको."

आई हसली नाही, पण वडिलांनी फॉर्मवर अंगठा उठवला तेव्हा आडवी आली नाही.

आग्र्याला जायला महिना होता आणि तोवर कॉलेजला सुट्टी होती. मामा म्हणाले, रोज सकाळी रानात यायचं. उसाच्या पट्ट्याकडेला पुरुषभर उंचीची ताल, म्हणजे दगडी बांध, होती आणि खाली नुकतंच नांगरलेलं रान. तालीवरून उडी मारायची, दोन्ही पाय जुळलेले, गुडघे किंचित वाकलेले, आणि जमिनीला पाय लागताच अंग एका बाजूला सोडून द्यायचं. आधी पोटरी, मग मांडी, मग कंबर, मग पाठीचा कोपरा. ऐकायला सोपं वाटतं. मला जवळजवळ दोन आठवडे जमलं नाही.

कारण होतं आमची विहीर. आमच्याकडची पोरं उन्हाळाभर विहिरीत मुटके मारतात. वरून पाणी बघायचं, नेम धरायचा, गुडघे छातीशी घ्यायचे आणि धपकन आदळायचं. जेवढं पाणी वर उडेल तेवढा मान. दहा वर्षं मी तेच केलं होतं. तालीवरून पाय सुटला की माझे डोळे आपोआप खाली जायचे आणि गुडघे वर यायचे.

"ही हीर न्हाई रं!" मामा ओरडायचे. "खाली बघू नगंस. तो डोंगुर दिसतुय का? त्याच्याकडं बघ. जमीन कुटं पळून चालली न्हाई, ती येतीय आपल्या पायांनी."

गावाला तमाशाच मिळाला. वैरण न्यायच्या निमित्ताने लोक बांधावर थांबायचे.

"हवालदार, आजून एक लंगडा तयार करताय का?"

"गड्या, मुटका तर लय झ्याक बसला! पाणी कुटाय?"

मामा बांधाकडे पाठ करायचे. मला म्हणायचे, "फिरून चड." दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी माझे डोळे समोरच्या डोंगरावर राहायला लागले.

आग्र्यात पहिल्याच दिवशी उस्तादांनी सगळ्यांना एका ओट्यावरून उड्या मारायला लावल्या. माझी उडी बघून त्यांनी मला पुन्हा मारायला सांगितली आणि विचारलं, "किसने सिखाया?" मी म्हणालो, गावच्या हवालदारसाहेबांनी. त्यांनी बाकीच्या मुलांना सांगितलं, याच्याकडे बघा.

आणि मग ती पहिली उडी. विमान फुगीर पोटाचं, आत इतका आवाज की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. छत्रीचा पट्टा वरच्या तारेला अडकवलेला. दारात उभा राहिलो. वारा इतका जोरात की गाल हलत होते. खाली शेतं, एक नदी, सगळं खेळण्यातलं वाटावं असं. लाल दिवा लागला, हिरवा लागला, पाठीवर थाप बसली आणि मी बाहेर होतो. आकाश, विमानाची शेपटी, माझेच बूट, सगळं एकात एक. मग खांद्यांना जोराचा हिसका बसला आणि एकदम शांत झालं. असली शांतता मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली. डोक्यावर मोठी गोल छत्री भरलेली, आजूबाजूला माझे सोबती असेच लटकलेले, आणि त्यातला एक कानडी पोरगा हवेतच मोठमोठ्याने गात होता. मलाही ओरडावंसं वाटलं. मी "मामा!" म्हणून ओरडलो. का ते सांगता येत नाही.

दुसरी उडीही नीट झाली. तिसऱ्या उडीला मला धीर आला होता आणि तिथेच चुकलो. वारा कमी होता, जमीन हळूहळू जवळ येत होती, आणि मी खाली बघितलं. पाय आपोआप जमिनीकडे लांब झाले. घोटा मुरगळला. पट्टी आवळून उरलेल्या दोन उड्या मारल्या आणि छातीवर छत्रीवाल्यांचा पंखांचा बिल्ला लावून गावी आलो.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी मामा आणि मी त्याच तालीवर बसलो. त्या सकाळी आम्ही जेवढं बोललो तेवढं नंतर कधी कुणाशी उड्यांबद्दल बोललो नाही. दारात उभं असताना त्यांना आपले हातच आपले वाटायचे नाहीत, म्हणाले. मलाही तसंच वाटलं होतं. हिसका बसल्यावर पहिल्यांदा काय केलं, त्यांनी विचारलं.

"वर बगितलं," मी म्हणालो.

"समदीच बगत्यात! आपली छत्री मोजून घेत्यात, फाटली बिटली का म्हणून." ते मांडीवर थाप मारून हसले. मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. एवढ्या वर्षांत त्यांना खरं मानणारा माणूसच मिळाला नव्हता, मग ते कुणापाशी हसणार?

मी तिसऱ्या उडीची चूक सांगितली. त्यांनी डाव्या पायावरून हात फिरवला. मग म्हणाले, "माजा पाय बी तसाच गेला. एकतिसाव्या उडीला. लय उड्या झाल्या, आता आपल्याला समदं येतं, म्हणून खाली बगितलं. कुणाला सांगितलं न्हाई."

मीही ते कुणाला सांगितलं नाही. आज मामा हयात नाहीत, म्हणून लिहितो आहे.

चार दिवसांनी शाळेत माझा सत्कार ठरला. शाळेचे मुख्याध्यापक माझे गुरुजी. त्यांनी मला शिकवलं, फीमाफी मिळवून दिली, वसतिगृहात जागा मिळावी म्हणून सांगलीला स्वतः येऊन बसले. त्यांच्यापुढे आवाज चढवण्याची माझी कधी छाती झाली नाही. मी एवढंच म्हणालो, "गुरुजी, मामांना व्यासपीठावर बसवायचं ना?"

गुरुजी म्हणाले, "अरे, व्यासपीठावर पाच खुर्च्या. पाहुणे, सरपंच, मी, तू, आणि सुभेदारसाहेब. ते लढाईत होते. हवालदाराला बसवलं तर लोक हसतील, तुझा सत्कार बाजूला राहील."

मग त्यांनी मला भाषण लिहून दिलं. आभारांची यादी होती: आई-वडील, शाळा, कॉलेज, पाहुणे. मामांचं नाव नव्हतं.

समारंभाला मामा इस्त्रीचा कोट घालून आले आणि पाठीमागे, मुलींच्या रांगेमागच्या भिंतीला टेकून उभे राहिले. बसायला जागा होती, पण कुणी सरकलं नाही. पाहुणे तालुक्यातले मोठे पुढारी. त्यांनी सांगितलं, की हा मुलगा कुणाच्याही मार्गदर्शनाशिवाय आभाळात गेला. टाळ्या पडल्या. मग ते हसत म्हणाले, "नाहीतर आपल्याकडं पारावर बसून उड्या मारणारे लय हायत!"

अख्खं गाव हसलं. माना मागे वळल्या. पाहुण्यांना मामा माहीतही नव्हते, त्यांना कुणीतरी हा विनोद पुरवला होता. जे स्वतःच्या मुलांना विहिरीत मुटका मारायलाही सोडत नसत, ते पुरुष पोट धरून हसत होते. ज्यांनी महिनाभर बांधावर उभं राहून मामांना मला शिकवताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, तेही हसत होते. हे मला आजही सहन होत नाही. माहीत नसलेला माणूस हसला तर समजण्यासारखं आहे. त्यांना माहीत होतं.

मग माझी पाळी आली. हातात कागद होता. मी तो कागद वाचला, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत.

बाहेर मामा भेटले. म्हणाले, "झ्याक बोललास. आडखळला न्हाईस." त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

सांगलीला परत आल्यावर आठवडाभर माझं अभ्यासात लक्ष लागेना. संताप गावावर होता, पाहुण्यांवर होता, आणि गुरुजींवर होता हे कबूल करायला मला जास्त वेळ लागला. सगळ्यात जास्त माझ्यावर होता. गावी जाऊन भांडावं तर कुणाशी? पण एक गोष्ट मला ठाऊक होती. आमच्या गावचं टपाल किराणा दुकानात यायचं, आणि दुकानदार प्रत्येक कार्ड ज्याचं त्याला देण्याआधी जमलेल्या लोकांना वाचून दाखवायचा. कुणाची सून बाळंत झाली, कुणाच्या पोराची बदली झाली, सगळं गावाला आधी कळायचं. या सवयीची मला चीड होती. माझी कार्डं वाचली जाऊ नयेत म्हणून मी नेहमी पाकिटात पत्र घालायचो. त्या दिवशी मी मुद्दाम दोन उघडी कार्डं आणली आणि लहान अक्षरात, पण सुवाच्य लिहिलं:

"ती. हवालदारमामांना साष्टांग नमस्कार.

मी सुखरूप आहे. घोट्याची सूज उतरली.

ही दोन्ही कार्डं दुकानात वाचली जातील हे मला माहीत आहे. वाचणाऱ्याने कृपया मोठ्याने वाचावं.

सत्काराच्या दिवशी मी खरं बोललो नाही. मला उडी मारायला तुम्ही शिकवलंत. महिनाभर रोज सकाळी, पैशाशिवाय, लोकांची बोलणी खात. बांधावर कोण कोण उभं होतं ते मला आठवतं. त्यांनाही आठवत असेल. आग्र्याच्या उस्तादांनी माझी उडी बघून विचारलं, कुणी शिकवलं, तेव्हा मी तुमच्याबद्दलच सांगितलं. आग्र्यात मला जे सांगता आलं ते स्वतःच्या गावात सांगता आलं नाही, याची मला लाज वाटते. ज्यांना शंका आहे त्यांनी तुमच्या घरी येऊन ट्रंकेतला कागद बघावा. चहा मिळेल.

आमच्या एन.सी.सी.च्या अधिकाऱ्यांशी मी बोललो. पुढच्या निवडीसाठी तीन मुलं तयार करायची आहेत. दिवाळीच्या सुट्टीत त्यांना घेऊन मी येतो आहे. ती तुमच्याकडे शिकतील. रान तेवढं नांगरून ठेवा, आणि आईला सांगा, माणसं चार वाढली.

गुरुजींना माझा नमस्कार सांगा. त्यांना मी वेगळं पत्र लिहिणार नाही. हेच त्यांनीही ऐकावं.

तुमचा भाचा"