थिंफूचा लाल धागा

आखातातली हवा पहाटेपासूनच अशी दमट, की तुबलीतल्या वर्कशॉपातले दोन एसी दुरुस्त करेस्तोवर जगदीशचा शर्ट पिळून घ्यायच्या लायकीचा झाला. शुक्रवार असल्यामुळं तो लवकर झिंजमधल्या फ्लॅटवर परतला. दर शुक्रवारी बुद्धवंदना त्याच्याच घरी. वंदना तोच घ्यायचा, आणि मग गंडेदोरे, ताईत, अंगात येणं, सगळ्याची साल काढायचा. भंडाऱ्याकडचा गडी. आज्यानं दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव वैनगंगेत सोडलेले.

गेल्याच आठवड्यात तो आणि पुष्पलता भूतान पाहून आले. बुद्धाचा देश म्हणून रजा साठवली होती, पांढरे कपडे इस्त्री करून नेले होते. थिंफूच्या उत्सवात बघतो तर काय, शिंगं, कवट्या, वटारलेल्या डोळ्यांचे मुखवटे घालून नाचणारे! रंगीबेरंगी गर्दीत पांढरे हे दोघंच.

"हे तं आपल्या गावच्या भगताचेच भाऊ दिसते," तो पुटपुटला.

पुष्पलतेचं लक्ष नव्हतं. दुसऱ्यांदा गर्भ पडल्यापासून ती झोपेतून ओरडत उठायची. तिथं एका भिक्खूनं तिच्या मनगटाला लाल धागा बांधला. त्या दिवसापासून ती गाढ झोपते.

फोन वाजला. प्रज्योत होता, वंदनेला येणाऱ्यांतला. "जयभीम भाऊ! यल्ला, चला, सारे निघालो. आज भूतानचं सांगा बरं. का भुतांचंच पाहून आले?"

फोन ठेवून जगदीश स्वयंपाकघरात गेला. "पुष्पे, लांब बाह्यांचा कुर्ता घाल ना."

"काहून? चोरी केली का म्या?"

"लोक का म्हणतीन? दर शुक्रवारी मीच बोंबलतो."

तिनं हात पुढं केला. "तोडाचा असन तं तुमीच तोडा. मी नाही तोडत."

त्यानं कात्री उचलली. मनगट धरलं. धाग्याखाली नाडी उडत होती.

"झोप येते हो मले," ती म्हणाली. "धाग्यानं येते का कशानं, मले नाही ठाऊक."

त्यानं कात्री ओट्यावर ठेवली.

"कोणी इचारलं तं?"

"तुमीच सांगा. बोलाचं काम तुमचंच आहे ना?"

खाली गाडीचं दार वाजलं. ती उघड्या मनगटानं कोथिंबीर चिरू लागली. जगदीशनं टीपॉय भिंतीकडं सरकवला आणि सतरंजी झटकून अंथरायला घेतली.