वाळवी नसलेला रेडिओग्राम

सुभेदारकाकांनी कुऱ्हाड उचलली तेव्हा मी टेम्पोतून उतरत होते. एक पाय जमिनीवर, एक पायरीवर आणि ओढणी दाराच्या कडीत अडकलेली. अशा अवस्थेत माणूस जेवढ्या जोरात ओरडू शकतो, तेवढ्या जोरात ओरडले, "काका, थांबा! काय करताय?"

"तुमी सांगितलं म्हनूनच," काका म्हणाले. "फोडून बंबात घालतोय."

अंगणात पाणी तापवायच्या बंबाशेजारी रेडिओग्राम उताणा पडला होता. त्याच्या चारही पायांना ट्रॅक्टरचं जळकं ऑइल फासलं होतं.

ज्यांनी रेडिओग्राम पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. कमरेइतकं उंच लाकडी कपाट. पुढं रेडिओ, झाकण उचललं की रेकॉर्ड प्लेअर, खाली स्पीकर. आत काचेचे व्हॉल्व्ह असतात, म्हणजे विजेच्या दिव्याचे चुलतभाऊ. ते तापेपर्यंत आवाज येत नाही. घाईच्या माणसाचं ते यंत्रच नव्हे. आता असे सेट फार मिळत नाहीत, आणि साताऱ्यातल्या एका कॅफेवाल्याला मी हा आणून द्यायचा शब्द देऊन बसले होते.

सांगलीत आमचं जुन्या वस्तूंचं दुकान आहे. पंखे, रेडिओ, अँप्लिफायर, जुने मिक्सर, असलं सगळं. आमचे हे दुरुस्ती करतात, मी खरेदी करते. वाटणी अशी, कारण ह्यांना खोटं बोलता येत नाही. एकदा ह्यांना कुपवाडला एक टेबल फॅन आणायला पाठवलं. ह्यांनी मालकाला "इतक्या स्वस्तात कशाला देताय, चांगला आहे की" असं समजावलं, बेअरिंगला तेल घालून दिलं आणि चहा पिऊन हात हलवत परत आले.

मी तशी नाही. आमच्या धंद्यात भाव पाडायचा तर आधी वस्तूला नावं ठेवायची. मुलगी बघायला गेलेल्या आत्याबाईंसारखं. रंग उतरलाय, आवाज बसलाय, एक पाय आखूड वाटतो. यात मी इतकी तरबेज आहे, की सासूबाई म्हणायच्या, "हिला देवळात नेऊ नका, मूर्तीत पण खोट काढील."

कोरेगावकडच्या या गावात मी आठवडाभर आधी येऊन गेले होते. काका फौजेतून निवृत्त. नोकरीत असताना हौसेनं घेतलेला रेडिओग्राम त्यांनी बदलीच्या प्रत्येक गावी सोबत नेला होता. आता पुण्याच्या मुलानं त्यांच्यासाठी दिवाण घेऊन पाठवला होता आणि तो ठेवायला जागा हवी होती. काकांनी सांगितलेला भाव ऐकून मी मनात उडी मारली. तिथंच गप्प बसले असते तर ही गोष्ट झाली नसती. पण सवय. मागच्या बाजूला बोट फिरवलं तर थोडा भुसा लागला. वरच्या फळीवर नवा स्विचबोर्ड बसवताना ड्रिलनं पडलेला भुसा. मला ते स्पष्ट दिसत होतं. तरी मी भुवया उंचावल्या आणि म्हणाले, "अरेरे. वाळवी."

काकूंचा चेहरा पडला. दर शनिवारी त्या रेडिओग्रामला खोबरेल तेलाचा हात फिरवायच्या. "माज्या घरात वाळवी?" एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. काकांनी लगेच भाव निम्म्यावर आणला. मी खुशीत घरी गेले.

आता त्याच काकांसमोर उभी होते.

"अहो पण सौदा ठरलाय ना आपला," मी म्हणाले.

"सौदा मोडला. किडकी वस्तू तुमच्यासारख्या लेकीच्या घरात धाडू व्हय? उद्या तुमच्या दुकानातला सगळा माल खाल्ला म्हंजी?"

"चालेल मला. आम्ही औषध मारतो."

"न्हाई."

"फुकट द्या मग."

"फुकट बी न्हाई. सडका माल दुसऱ्याच्या गळ्यात मारायचा न्हाई, हे फौजंत शिकलोय. आन् रोग दिसला की आधी येगळा काढायचा. समद्या गल्लीला इशारा दिलाय."

तेव्हा माझं लक्ष गल्लीकडं गेलं. एका ओळीत सात-आठ घरं, आणि प्रत्येक घराची चौकट काळीकुट्ट. समोरच्या घरातून पलंग बाहेर काढून उन्हात टाकला होता. पलीकडं एक बाई जेवायच्या पाटालासुद्धा ऑइल लावत होती. हवेला गॅरेजचा वास येत होता. हे सगळं माझ्या एका शब्दानं झालं होतं, आणि शब्द उच्चारायला मला फक्त भुवया लागल्या होत्या.

माझ्या आयुष्यातली सर्वांत यशस्वी घासाघीस होती ती. भाव पाडता पाडता मी वस्तूच पाडली होती.

तेवढ्यात टेम्पो लावून आमचे हे आले. काका म्हणाले, "साहेब, तुमी जाणकार. तुमीच बगा. वाळवी हाय का न्हाई?"

हे खाली बसले. खिशातला टेस्टर काढून मागचं प्लायवूड खरवडलं, सांध्यात बघितलं, भुसा चिमटीत घेऊन चोळला. वीस-बावीस वर्षांचा संसार आहे. हे आता काय बोलणार, ते मला तंतोतंत माहीत होतं. ह्यांनी तोंड उघडायच्या आत मीच बोलून टाकलं. तेवढीच अब्रू.

"काका, वाळवी नाही. कधीच नव्हती. भाव पाडायला खोटं बोलले मी."

काकांनी कुऱ्हाड खाली टेकवली. बोलल्या त्या काकू. दारात कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या, कळलंच नाही.

"आवं, मी म्हनत नव्हते? आठ दिस सांगतीय, माजं घर साफ हाय. पन बायकूचं कोन ऐकतंय?"

"आगं, पर ती दुकानवाली बाई..."

"तुमी गप बसा." मग माझ्याकडं वळून, "आन् तू. भावकीत बोभाटा झाला की माज्या घरातनं कीड निघाली. आता उठ. ह्या टोकापासनं त्या टोकापातूर दर घरात जायाचं आन् ह्येच सांगायचं. मी संगं येते."

गेले. दुसरं काय करणार? पहिल्या घरात मान वर होत नव्हती. "वाळवी नाही हो, मी खोटं बोलले." घरातल्या आजीबाई हसून हसून खोकायला लागल्या आणि म्हणाल्या, "म्हंजी मी पोराकडनं चौकटी फुकट काळ्या करून घेतल्या व्हय गं?" आणि चहा टाकला. दुसऱ्या घरात शिव्या बसतील असं वाटलं होतं. तिथं चिवडा मिळाला. पलंगवाल्यांनी मात्र चांगलंच सुनावलं, मग ह्यांना हाक मारून पलंग आत उचलून घेतला. तिसऱ्या-चौथ्या घरापासून वेगळंच सुरू झालं. "आवो ताई, आमच्याकडं बी एक जुना पंखा हाय, बगता का? पर खरं सांगायचं हां." माळ्यावरून व्हॉल्व्हचा टेबल रेडिओ खाली आला, पितळी पात्यांचा पंखा आला, एक भलामोठा कर्ण्याचा स्पीकर आला. प्रत्येक वस्तूचा भाव काकूंसमोर सांगायचा होता, त्यामुळं खराच सांगितला. खरा भाव बोलायची जिभेला सवय नव्हती, पहिल्यांदा जरा अडखळले.

परत आलो तोवर हे रेडिओग्राम उभा करून, पाय रॉकेलनं पुसून बसले होते. असं जुनं यंत्र एकदम प्लगला लावत नाहीत. मध्ये एक बल्ब जोडतात, त्याला सिरीज लॅम्प म्हणतात. आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि यंत्र वाचतं. बल्ब मंद लागला. मिनिटभर शांतता. मग खरखर, आणि खरखरीतून कुणीतरी हळदीवरच्या करपा रोगाबद्दल सांगू लागलं. काका खुर्ची ओढून असे बसले, जणू त्यांची हळद शेतात उभी होती.

"आता ह्याचा खरा भाव सांग," काकू म्हणाल्या.

मी सांगितला.

काकूंनी झाकणावरून एकदा हात फिरवला. "येवढ्या मोलाचा हाय तर मी का इकू? दिवाण जाऊ दे माडीवर."

काकांनी हरकत घेतली नाही. घेण्यासारखी परिस्थितीच नव्हती.

कॅफेवाल्याला फोन करून रेडिओग्राम मिळत नसल्याचं सांगितलं. तो थोडा नाराज झाला, पण टेबल रेडिओ आणि पितळी पंखा बघून शांत झाला. त्या दिवशी आम्ही एक वस्तू आणायला गेलो होतो आणि सहा घेऊन आलो, शिवाय पोटात पाच घरांचा चहा. त्या गल्लीनं मला हाकलून दिलं असतं तरी मला बोलायला जागा नव्हती. अजून आठवलं की त्या माणसांपुढं हात जोडावेसे वाटतात.

धंद्याचं म्हणाल तर नावं ठेवणं मी सोडलं आहे. नफा थोडा कमी पडतो. दारं जास्त उघडतात.

आता काकू आजूबाजूच्या गावांतल्या जुन्या वस्तूंचे फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवतात. सोबत व्हॉइस मेसेज असतो. "मिक्सर हाय. भांडं गळतंय. लय बोंबलतोय. वायर उंदरानं खाल्लीया." परवा न राहवून मी विचारलं, "काकू, एखादा तरी गुण सांगा हो त्याचा."

"गुण तू येऊन बग की," काकू म्हणाल्या. "येताना साहेबांना घिऊन ये."