पुलावर काढलेला फोटो

फोटो काढायचाय म्हणून बाबांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं. खिशातली फणी काढून केस विंचरले. आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्यांचा फोटो काढत होतं.

हवालदाराने त्यांच्या गळ्यात पाटी अडकवली. शाळेतली दगडी पाटी, सुतळी ओवलेली, वर खडूने आकडा. शेजारी दुधाचे कॅन लावलेली सायकल, मागे खाडी.

बाबा फोटोवाल्याला म्हणाले, "दादा, एक कापी आमाला पन गावंल काय? घरात लावीन म्हनतो."

हवालदार हसला. "लावू की. आमच्या चौकीत, चोरांच्या शेजारी. मान वर कर म्हाताऱ्या."

बाबांनी मान वर केली.

मग पाटी पुसून माझ्या गळ्यात आली; मागची दुधाची सायकल माझी होती. सुतळी बाबांच्या घामाने ओली होती.

किनाऱ्यावर चोरटा माल उतरतो अशी तेव्हा बोंब होती. म्हणून पोलिसांनी गावातला स्टुडिओवाला पुलावर आणून उभा केला. जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या नंबराचा फोटो. जीपचा फोटो मागून. आत कोण बसलंय ते दिसायचं नाही. सायकलला नंबर नसतो. मग तो माणसाच्या गळ्यात बांधला. आमचा फोटो समोरून. तोंडासकट. चोरटा माल दुधाच्या कॅनमधून येतो हे ज्ञान त्यांना कुठून झालं कोण जाणे.

गावात वाद पेटला. शाळेत सभा भरली. वेळणेश्वरकडे आंब्याच्या बागा असलेले एक बागायतदार माईकवर म्हणाले, "ज्याच्या मनात काळंबेरं नाही, त्याने कॅमेऱ्याला का घाबरावं?"

टाळ्या. त्यात माझे मास्तरही होते.

सभेची पत्रकं वाटायचं काम मास्तरांनी मला दिलं होतं. वाटता वाटता मी थांबलो. "काका, तुमच्या गळ्यात पाटी कधी?"

"माझ्या का? माझ्या गाडीला नंबर आहे."

"आणि माझ्या बापाला नाव आहे. तुमच्या घरी दूध तेच घालतात. नावाने हाक मारता तुम्ही त्यांना."

मागून कुणीतरी म्हणालं, "दूधवाल्याचा ना हा? शिकून वाया गेला."

हशा. हसू दे.

घरी बाबा म्हणाले, "कशाला बोललास? पाटी घालायची, काढायची. आपला काय जातां?"

"बाबा, तुमचा फोटो चौकीत लागलाय. मी बघून आलो. पाकीटमाराच्या शेजारी."

त्यांना ती हवालदाराची थट्टा वाटली होती. त्यांनी खिशातली फणी काढून कोनाड्यात ठेवली.

सकाळी पुलावर हवालदाराने पाटी पुढे केली. बाबांनी ती धरली नाही.

"नाय घालनार, सायब."

"सायकल जप्त होईल."

"घ्या."

मीही माझी सायकल सोडली. एक कॅन त्यांनी उचलला, एक मी. मागे पाववाला होता. त्याने पाटीकडे बघितलं आणि सायकलवरून उतरला.

आता सायकली चौकीच्या आवारात गंजतायत. आम्ही चालत जातो. दूध उशिरा पोचतं. ज्यांचा चहा अडतो त्यांनी चौकीत जाऊन विचारावं.

उद्या सायकली परत देतील. तेवढ्याने आम्ही घरी बसणार नाही. त्या भिंतीवर माझा बाप आहे, बटण लावलेला, केस विंचरलेला. तो फोटो आम्ही उतरवून घेणार. निगेटिव्हसकट.