एसीच्या सुरात गाणारी शाहीनताई

माझ्यावर सर्वांत जास्त ऋण कुणाचं, असं विचारलं तर मी आईवडिलांच्याही आधी शाहीनताईचं नाव घेतो, आणि आईलाही ते ठाऊक आहे. गेल्या महिन्यात ती गेली. मूत्रपिंडाचा आजार जुनाच होता. शोकसभेत कुणी सुचवलं, तिच्या आवडीचं गाणं म्हणू या, मोबाइलवर तानपुरा लावू. मी लावू दिला नाही. काहींना तो हट्ट वाटला... होताच.

मी वाशीमकडचा. घरात कॉलेजात गेलेला पहिलाच. पुण्यात वर्गात तोंड उघडलं की मुलं माझ्या बोलीला हसत, म्हणून मी मागच्या बाकावर बसून तोंडानं हळूच ढोलकी वाजवत असे. एमएला असलेल्या शाहीनताईनं ती ऐकली आणि मला थेट आपल्या गटात नेलं. हा गट वाद्यांशिवाय गायचा. सूर, ठेका, सगळं गळ्यातूनच. ठेका माझ्याकडे आला. याला अकापेला म्हणतात, हे मला तिथं कळलं. मी तिला अहो-जाहो करायचो. "पुन्हा 'तुम्ही' म्हणालास तर गटातून बाहेर," तिनं बजावलं.

आम्हाला कुणी विचारत नसे. स्नेहसंमेलनात निवेदकानं आमची ओळख "वादक यायचे आहेत, तोवर ही मुलं गातील" अशी करून दिली होती. तेव्हा एका स्थानिक वाहिनीच्या दिवाळी कार्यक्रमात गायचंच, असं शाहीनताईनं मनावर घेतलं. बरेच फोन केल्यावर निर्मात्यांनी बोलावलं. ऐकून छान म्हणाले, पण वाद्यं नसली तर लोकांना टीव्ही बिघडल्यासारखं वाटेल, खाली ढोलकी-कीबोर्डचा ट्रॅक टाकू, असंही म्हणाले. मग माझ्याकडे पाहून, "मग याची गरज नाही."

बाकीच्यांचं कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं. पुन्हा अशी संधी येणार नव्हती. मी बाजूला होतो, असं मीच पुटपुटलो. शाहीनताईनं माझ्याकडे पाहिलंही नाही.

"अहो, मग पडद्यावर खाली अक्षरांची एक पट्टी चालवा ना," ती शांतपणे म्हणाली. "टीव्ही ठीक आहे. गाणं असंच आहे."

निर्माते हसले नाहीत. आम्ही बाहेर पडलो. जिन्यात आमच्यातली मीरा तिच्यावर चिडली, एकासाठी सगळ्यांचं घालवलंस म्हणून. "एकासाठी नाही गं," शाहीनताई म्हणाली. "ट्रॅक लावून गायचं तर गणपतीतलं कराओके काय वाईट?" मीरा कितीतरी दिवस तिच्याशी बोलली नाही.

दिवाळीच्या तोंडावर वाहिनीचा ठरलेला वाद्यवृंद आयत्या वेळी गळाला आणि फोन आला... आहात तसे या. स्टुडिओत एसी मोठ्यानं घरघरत होता. यंत्रं तापतात, बंद करता येणार नाही, असं कळलं. आम्ही गायला लागलो आणि कडव्यागणिक सुरातून घसरत गेलो. ही चूक आमच्यासारख्यांचीच. पेटी असलेले पेटीला धरून राहतात. आम्ही कानावर पडेल त्याला चिकटतो, आणि कानावर पडत होता एसी. निर्मात्यांनी पुन्हा ट्रॅकचं नाव काढलं.

शाहीनताई उठून एसीखाली जाऊन उभी राहिली. डोळे मिटून ती घरघर ऐकत राहिली... आणि गुणगुणतच परत आली.

"आजचा सा हा. सगळे याला धरा. सोपान, तुझा ठेका याच्याही खालच्या सुरात."

मी खालच्या सुरात उतरलो. त्यानंतर एकाचाही सूर हलला नाही. कार्यक्रम लागला तेव्हा पडद्यावर खाली खरंच पट्टी धावत होती: टीव्ही ठीक आहे, गाणं असंच आहे.

लोक आता म्हणतात, बिचारी, फार लवकर गेली. लवकर गेली हे खरं, पण बिचारी ती कधीच नव्हती. तिच्या गाण्याखाली मी आजही काही वाजू देणार नाही. त्या दिवाळीत गावाहून तिला पत्र लिहिलं होतं, कारण फोनवर एवढं बोलायला मला जमलं नसतं. ते मला पाठ आहे:

"शाहीनताई, कार्यक्रम आम्ही बाबांच्या मोबाइलवर पाहिला. अंगणात शेजारीपाजारी जमले होते. आई म्हणाली, 'गाणं ब्येस हाय, पण बाजा कुठं हाय?' मी म्हटलं, 'बाजा मीच हाय.' तिला खरं वाटेना. तिनं माझ्या गळ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, वाजव. मी सगळ्यांदेखत वाजवलं, आणि तिनं हात काढेपर्यंत थांबलो नाही. तुझा, सोपान."