एक्स्टेंड म्हणजे वाढवणे

रविवारी दुपारी मी रिसॉर्टवर पोचले, तेव्हा रिसेप्शनच्या सोफ्यांवर चार कुटुंबं बॅगा सांभाळत बसली होती. त्यांनी बुक केलेल्या चारही खोल्यांत आधीचे पाहुणे पाय पसरून टीव्ही बघत होते. अकराला खोली सोडायची असते, त्याला आम्ही चेक-आउट म्हणतो. एक वाजून गेला होता आणि उठायचं कोणी नाव घेत नव्हतं.

"मॅडम, तुम्ही या लोकांना शिकवलंय तरी काय?" मॅनेजर शिंदेसाहेब माझ्यावर घसरले.

"तुम्ही सांगितलंत तेच," मी म्हटलं.

मी लोणावळ्याला राहते आणि हॉटेलांच्या स्टाफला कामापुरतं इंग्रजी शिकवते. हे रिसॉर्ट तिकोणा किल्ल्याच्या पायथ्याच्या तिकोणा पेठ गावाच्या अलीकडचं. मध्यंतरी शिंदेसाहेब पुण्याला एक सेमिनार ऐकून आले आणि त्यांना साक्षात्कार झाला, की 'एक्स'चा आवाज पाहुण्यांच्या डोक्यात बसतो. झालं! ई आणि एक्स या दोन अक्षरांनी सुरू होणारे शब्द स्टाफला पाठ करवून घ्या, असा हुकूम सुटला. ज्याला अर्थासकट येणार नाहीत, त्याने घरी बसायचं.

एक्सलंट म्हणजे उत्तम. एक्स्क्लुझिव्ह म्हणजे फक्त तुमच्यासाठी. एक्सप्लोर म्हणजे हिंडून बघणे. एक्स्ट्रा म्हणजे जास्तीचं. एक्स्टेंड म्हणजे वाढवणे. एक्झॉस्टेड म्हणजे थकून गेलेला. हा मी माझ्या मनाने घातला, कारण स्टाफला त्याची खरी गरज होती. एक्झॅजरेट म्हणजे फुगवून सांगणे. हा मात्र साहेबांनी तातडीने काढायला लावला. आमच्या 'लेक व्ह्यू' खोल्यांतून पार्किंग दिसतं.

शब्दांमागचा हेतू उघड होता. हॉटेलच्या धंद्यात 'अपसेल' नावाचा प्रकार असतो. आलेल्या पाहुण्याला गोड बोलून आणखी काहीतरी विकायचं. "मुक्काम एक्स्टेंड करणार का?" असं हसून विचारायचं आणि तो हो म्हणाला, की वाढीव भाडं सांगायचं. पहिलं वाक्य मी शिकवलं. दुसरं साहेबांनी स्वतः शिकवलं होतं.

रिसेप्शनवर शबाना होती. कामशेतची. प्रोबेशन, म्हणजे कच्ची नोकरी, संपत आलेली. सोमवारी तिला कायम करायचं की नाही ते ठरणार होतं आणि घर तिच्या एकटीच्या पगारावर चाललं होतं. शब्द तिला सगळे येत होते. सकाळी नाश्त्याला तिने चारही कुटुंबांना 'एक्स्टेंड' विचारलं आणि चारही आनंदाने हो म्हणाली.

"मग भाडं का नाही सांगितलंस?" साहेब ओरडले.

"कसं सांगू सर? आपणच म्हणायचं, राहा अजून. ते बिचारे खूश होऊन राहतो म्हणाले. मग लगेच पैसे? पाहुण्याशी असं वागले हे कळलं, तर अम्मी मला घरात घेणार नाही."

जेवणघरातल्या हिरामावशी दारात येऊन उभ्या राहिल्या. "तिला कशापायी वरडताय? बाईंनी सांगितलं, येक्स्ट्रा म्हंजी जास्तीचं. आता तोंडानं म्हनायचं आन् ताटात वाढायचं न्हाई, ह्ये कुटं शोभतं व्हय?"

त्या आठवड्यात चिकन रोज का संपत होतं, ते साहेबांना तेव्हा कळलं. ते आणखी तापले.

"शबाना, आत्ताच्या आत्ता जा आणि खोल्या रिकाम्या करून घे. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

शबानाचे डोळे भरून आले. "सर, मीच राहा म्हटलं. मीच जा कसं म्हणू?"

मला भयंकर राग आला. सेमिनार यांनी ऐकायचा आणि नोकरी तिने गमवायची!

"साहेब," मी म्हटलं, "एवढं सोपं असेल तर तुम्हीच सांगा ना."

"सांगतोच!"

टाय सरळ करून ते निघाले. मी मागोमाग. पहिल्या खोलीचं दार बनियनमधल्या एका आजोबांनी उघडलं.

"या या, मॅनेजरसाहेब! तुमच्या त्या मुलीने आग्रहाने ठेवून घेतलं हो. घरच्यासारखं वाटलं. आम्ही चहा घेऊन निघालो तर चालेल ना?"

साहेबांनी घसा खाकरला. "सर, खरं म्हणजे, आमची पॉलिसी..." तेवढ्यात आजींनी पुढे येऊन त्यांच्या हातावर रव्याचा लाडू ठेवला. साहेब पवनाकाठच्या गावात वाढलेले. त्यांनी लाडवाचा घास तोंडात टाकला. मग त्याच तोंडातून टाय न लावलेला माणूस बोलला.

"नुसता च्या घिऊन कशाला? जेवूनच जावा की! घाई न्हाई."

उरलेल्या तीन खोल्यांकडे आम्ही गेलोच नाही. खाली हिरामावशींनी सोफ्यांवरच्या लोकांना कधीच पानावर बसवलं होतं. खोल्या संध्याकाळी रिकाम्या झाल्या. वाढीव भाडं कोणी मागितलं नाही.

सोमवारी शबाना कायम झाली. साहेबांनी तिला एकही शब्द विचारला नाही. इंग्रजी शब्द मी कोणालाही शिकवू शकते. पाहुण्याला आग्रह करून मग त्याचे पैसे मागायला लागणारा कोडगेपणा शिकवायची सोय माझ्या कोर्समध्ये नाही.

ती अडचण साहेबांनी आता सोडवली आहे. मुक्काम वाढवायचा का, हे पाहुण्यांना मोबाइलवरचं अ‍ॅप विचारतं आणि त्याच मेसेजमध्ये भाडंही सांगतं. अ‍ॅपला आई नसते.